उचल घ्यायची वेळ येऊ नये म्हणून

भातसानगरला अडवलेलं पाणी मुंबईकडे जातं ते नदीच्याच वाटेने. भातसेच्या पात्रातून ते पिशे बंधाऱ्यापर्यंत वाहत जातं, तिथे पंप ते उपसतात, पांजरापूरच्या केंद्रात ते शुद्ध होतं आणि मग जलवाहिन्यांतून शहरात पोहोचतं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण साधारण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे. त्यातलं ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मं, एकट्या भातसाचं. १८९२ सालचा तानसा आणि १९५७ सालचा मोडकसागर हेही शहापूर तालुक्यातले किंवा त्याच्या कडेचेच. आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते.

दिवाळी आटोपली की या मुलखातून माणसंही बाहेर पडतात. शहापूर आणि मुरबाडच्या कातकरी वाड्यांवर टेम्पो येऊन लागतात. हंडे, गोधड्या, चुलीची भांडी, दोन-चार कोंबड्या आणि पोरंबाळं त्यात चढतात. बघता बघता वाडी रिकामी होते. मागे उरतात म्हातारी माणसं, तीही सगळ्या घरांत नाहीत. कुठे निघालात असं विचारलं, तर उत्तर मिळतं, "जगायला." जायचं असतं भिवंडी, कल्याण, वसई, पनवेलच्या बाजूच्या वीटभट्ट्यांवर. परतायचं ते पाऊस तोंडावर आल्यावर.

जगातलं अतिदारिद्र्य कसं संपेल या प्रश्नाचं उत्तर शोधायचं, तर या टेम्पोच्या मागे जायला हवं. हे लोक आळशी नाहीत, अडाणी तर मुळीच नाहीत. जंगलातला कंद, नदीतला मासा आणि शेतातला उंदीर त्यांच्याइतका कुणाला कळत नाही. मुलूखही कंगाल नाही. पाऊस भरपूर, जंगल जवळ आणि देशातली सर्वांत श्रीमंत बाजारपेठ रेल्वेने दोन-अडीच तासांवर. तरीही दरवर्षी उचल घ्यावी लागते. का घ्यावी लागते, हे एकदा समजलं की उपाय कुठे करायचा तेही समजतं.

जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अतिदारिद्र्याची रेषा माणशी दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली. हे डॉलर बाजारभावाचे नव्हेत, क्रयशक्तीच्या हिशेबाचे आहेत. आपल्याकडे ती रक्कम साधारण साठ-पासष्ट रुपये होते. या रेषेखाली आज जगात सुमारे ८० कोटी माणसं आहेत. १९९० मध्ये ती २०० कोटींहून जास्त होती. भारतात याच रेषेने मोजलं, तर २०११-१२ मध्ये २७ टक्के लोक अतिगरीब होते आणि २०२२-२३ मध्ये ते प्रमाण ५.३ टक्क्यांवर आलं. हा बदल मोठा आहे आणि खरा आहे. पण मागे उरले आहेत ते कोण? ज्यांच्यापर्यंत शेतीची वाढ, कारखान्याची नोकरी, बँकेचं कर्ज यातलं काहीच पोहोचलं नाही, ते. महाराष्ट्रात कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी या तीन जमातींना सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत धरलं आहे. रोजच्या सरासरीत त्यांची अडचण पुरती दिसत नाही, कारण त्यांचं वर्ष सारखं चालत नाही.

ते वर्ष असं असतं. आषाढ-श्रावणात दुसऱ्याच्या शेतात लावणी. हाताला काम असतं, पण घरातलं धान्य संपलेलं असतं. भाद्रपदात काम थांबतं आणि कंद, रानभाज्या, खेकडे यांवर दिवस निघतात. दसऱ्याच्या आसपास कापणी सुरू होते, पुन्हा थोडे पैसे दिसतात. मग येते दिवाळी, आणि नेमका तेव्हाच भट्टीचा मुकादम वाडीवर येतो. आजारपणात दुकानदाराचं देणं झालेलं असतं, एखाद्याच्या घरी लग्न ठरलेलं असतं, सणाला पोरांना कपडा हवा असतो. मुकादम रोख पैसे मोजून देतो. कुणी त्याला उचल म्हणतं, कुणी बयाणा. त्या क्षणी पुढच्या सहा महिन्यांचे हात विकले जातात.

भट्टीवर मजुरी जोडप्याच्या नावे लागते. नवरा-बायको दोघं मिळून एक. मातीत भाताचा तूस आणि राख घालून चिखल कालवायचा, तो साच्यात भरायचा, विटा ओळीने पाडायच्या. उन्हाच्या आधी काम उरकावं म्हणून रात्री दोन-तीनलाच उठायचं. विटा थोड्या सुकल्या की त्या कडेवर उभ्या करायच्या. हे काम हलक्या हाताचं, म्हणून ते मुलांकडे येतं. राहायचं भट्टीशेजारी विटा रचून उभारलेल्या, गवताने शाकारलेल्या भोंग्यात. वाकूनच आत शिरावं लागतं. मजुरीचा दर हजार विटांवर ठरतो. पावसाने भिजून फुटलेल्या विटांचे पैसे मिळत नाहीत. बाजाराच्या दिवशी हातात पडते ती खर्ची, म्हणजे आठवड्याच्या तेल-मिठापुरते पैसे, आणि तीही पुढे वजा होते. हिशेबाची वही शेठकडे. मे महिन्यात ती उघडली जाते तेव्हा उचल आणि खर्ची यांची बेरीज विटांच्या मजुरीपेक्षा जास्त निघाली, तर "अंगावर बाकी" राहते. ती फेडायला पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर यायचं.

ठाणे जिल्ह्याला ही साखळी नवी नाही. एके काळी लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेणारा आदिवासी बायकोसह त्याच्याकडे राबत राही. त्याला लग्नगडी म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, आणि त्याच वर्षी तलासरी-उंबरगावच्या वारल्यांनी किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. देशव्यापी कायदा व्हायला मात्र १९७६ साल उजाडलं. त्या कायद्याने वेठबिगारी गुन्हा ठरवली आणि तिच्यापोटीचं सगळं कर्ज रद्द केलं. कायदा असूनही वसई तालुक्यातल्या दहिसर गावात आदिवासी कुटुंबं बांधलेलीच होती. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली ती या माणसांच्या मुक्तीच्या लढ्यातून. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम हे सक्तीचंच काम. हा निकाल समोर धरला, तर आजच्या भट्टीवरचा हिशेबही कायद्याच्या कक्षेत येतो.

सुटका झाली की प्रांताधिकारी मुक्तीचा दाखला देतात. २०१६ च्या केंद्रीय योजनेप्रमाणे मुक्त झालेल्या पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख आणि अत्यंत गंभीर शोषणाच्या प्रकरणांत तीन लाख रुपये पुनर्वसनासाठी मिळू शकतात. परंतु पूर्ण रक्कम मालकावरच्या खटल्याच्या निकालाशी जोडलेली आहे. तातडीची मदत त्यामानाने किरकोळ. खटला वर्षानुवर्षं चालतो आणि पोट तर रोज मागतं. म्हणून सोडवलेलं कुटुंब दुसऱ्या दिवाळीत दुसऱ्या भट्टीवर दिसतं. मुक्ती हवीच, पण मुक्त झालेल्याच्या घरात त्या रात्री धान्य नसेल तर ती टिकत नाही.

इथे रोजगार हमीचा विचार करावा लागतो, कारण ती कल्पना महाराष्ट्राची आहे आणि देशाने ती इथून घेतली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तिची आखणी केली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उतरली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. अन्नावाचून मोठ्या संख्येने माणसं मरतील अशी भीती होती, ती टळली. पुढे तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराचं काम चालवायचं, अशी ती सरळ व्यवस्था होती. २००५ मध्ये देशाने हाच हक्क वर्षाला शंभर दिवसांसाठी कायद्यात घेतला.

शहापूर-मुरबाडमध्ये त्याचं काय होतं? महाराष्ट्रात २०२५-२६ साठी या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. शंभर दिवसांचे ३१,२०० होतात. उचल नाकारायला ही रक्कम पुरेशी ठरू शकते. २००५ च्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत नमुना ४ भरून काम मागायचं, नमुना ५ ची पोच घ्यायची आणि १५ दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता मागायचा, अशी रीत होती. व्यवहारात पोच मिळत नसे, म्हणून भत्त्याचा प्रश्नच उद्भवत नसे. त्याहून मोठी अडचण वेळेची. मुकादम कामाआधी पैसे देतो, सरकार कामानंतर, आणि तेही कधी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. ज्याच्या घरी आज पीठ नाही, त्याला महिन्याने खात्यावर जमा होणारे ३१२ रुपये कामाचे नाहीत. योजनेचा दर कितीही वाढवला, तरी हा वेळेचा गुंता सुटल्याशिवाय टेम्पो थांबणार नाहीत.

असाच गुंता झांबियात होता आणि तिथे तो मोजूनही पाहिला गेला. तिथल्या पूर्व भागातले छोटे मकाशेतकरी जानेवारी ते मार्च या उपासमारीच्या महिन्यांत स्वतःचं शेत टाकून दुसऱ्याकडे मजुरीला जात, कारण घरचा मका संपलेला असे. संशोधकांनी काही गावांत हंगामाच्या तोंडाशी मक्याची पोती किंवा तेवढी रोकड उसनी दिली आणि कापणीनंतर परत घ्यायचं ठरवलं. लोकांनी मजुरीला जाणं कमी केलं, स्वतःच्या शेतात जास्त राबले, त्यांचं पीक वाढलं. शिवाय मजूर कमी मिळू लागल्याने गावातला मजुरीचा दरही चढला. बहुतेकांनी उसनं फेडलं. म्हणजे अडलेल्या वेळी मिळालेल्या थोड्या धान्याने घेणाऱ्याचं भलं झालंच, न घेणाऱ्या मजुराचाही भाव वाढला.

आपल्याकडे आदिवासी विकास विभागाची खावटी कर्ज योजना १९७८ पासून याच हेतूने होती: पावसाळ्यातल्या रिकाम्या महिन्यांत सावकाराकडे जावं लागू नये. २०२० मध्ये तिच्याऐवजी कुटुंबाला चार हजारांचं खावटी अनुदान जाहीर झालं, निम्मं रोख आणि निम्मं वस्तुरूप. कल्पना अगदी योग्य होती. पण खावटीचं धान्य श्रावणात घरात पोहोचलं तरच तिला अर्थ. दिवाळी उलटून गेल्यावर आलेलं धान्य कोण घेणार? वाडी तर भट्टीवर गेलेली असते.

उचल थांबली की पुढचा प्रश्न येतो: कायमचं पाय रोवून उभं राहायला काय लागतं? याचं सर्वांत भक्कम उत्तर बांगलादेशातून आलं. ब्रॅक या संस्थेने २००२ मध्ये लहान कर्जंही ज्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती अशा बायकांसाठी कार्यक्रम सुरू केला. त्यांना कर्ज दिलं नाही. गाय, शेळ्या किंवा कोंबड्या फुकट दिल्या, त्या पोसायचं शिक्षण दिलं, जनावर विकून खायची पाळी येऊ नये म्हणून काही महिने पोटापुरते पैसे दिले, बचत करायला लावली, आणि दर आठवड्याला एक कार्यकर्ती घरी येऊन चौकशी करत राहिली. साधारण दोन वर्षं. मग हीच पद्धत इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत तपासली गेली. २०१५ मध्ये निष्कर्ष आले: मदत थांबल्यानंतर वर्षभराने मोजलं तरी खाणं, मिळकत आणि मालमत्ता वाढलेलीच होती. भारतातला प्रयोग पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबादमधला. तिथे दहा वर्षांनी पाहिलं तेव्हाही फरक टिकून होता. या अभ्यासकांपैकी अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

या पद्धतीत नवं असं एकही साधन नाही. शेळीवाटप आपल्याकडेही होतं. शेळी मिळते, तिला आजार होतो, पशुवैद्य लांब असतो. तेवढ्यात घरात कुणी पडतं आणि शेळी विकली जाते. पुढे अहवालात लिहिलं जातं की लाभार्थ्याने शेळी विकून खाल्ली. ब्रॅकने लाभार्थ्याला दोष देण्याआधी विकण्याचं कारणच काढून घेतलं. सगळी मदत एकदम, एकाच घराला, पुरेशा काळासाठी. सुटी सुटी दिली तर ती गळून जाते.

महाराष्ट्राला हे परकं नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला स्थापन केलेल्या बाएफने १९८२ मध्ये गुजरातच्या वांसदा भागात वाडीचा, म्हणजे फळबागेचा, कार्यक्रम सुरू केला आणि पुढे तो शेजारच्या जव्हारमध्ये आणला. आदिवासी कुटुंबाच्या साधारण एक एकर वरकस जमिनीवर आंबा-काजूची कलमं, कडेने कुंपणाची झाडं, मधल्या जागेत भाजी किंवा नाचणी. फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर खड्डे खणण्याची, पाणी घालण्याची मजुरी आणि माणसांची साथ पुरवली गेली. आंब्याच्या कलमाला उन्हाळाभर पाणी घालायचं तर घर सोडून चालत नाही. स्थलांतर थांबलं ते या साध्या गरजेमुळे. नाबार्डने नंतर आदिवासी विकास निधीतून हेच काम देशभर नेलं.

पण वाडी करायला जमीन लागते. कातकऱ्यांकडे ती नाही. खैराचा काथ काढणारी ही जमात ब्रिटिश काळात जंगलं सरकारजमा झाली तशी उघड्यावर पडली. म्हणून २००६ चा वनहक्क कायदा इथे कुठल्याही अनुदानापेक्षा मोलाचा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली वनजमीन, चार हेक्टरपर्यंत, त्याने नावावर होऊ शकते. पुरावा म्हणून वनखात्याने अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाची पावतीही चालते. बापाने पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या दंडाचा, पत्र्याच्या पेटीत जपलेला तो कागद मुलाच्या नावावर जमीन आणतो. मुरबाडमध्ये श्रमिक मुक्ती संघटनेने हे दावे भरून घेण्याचं काम चिकाटीने केलं. वनखात्याची मंजुरी नसताना सुरू झालेल्या तिथल्याच काळू धरणाचं काम २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने थांबवलं, तेही याच संघटनेच्या याचिकेवर. जमीन धरणात गेली की काय होतं, हे मुरबाडच्या लोकांना भातसाच्या विस्थापितांच्या हालांवरून ठाऊक होतं.

जंगलातून रोख पैसाही येऊ शकतो. करोनाच्या काळात गुळवेलीला मागणी आली तेव्हा शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रामार्फत ती गोळा करून, सुकवून, निवडून विकली. २०२१ मध्ये आदिवासींच्या मालाची विक्री पाहणाऱ्या ट्रायफेड या सरकारी संस्थेने जाहीर केलं की डाबर, बैद्यनाथ, हिमालय अशा कंपन्यांकडून या केंद्राला साडेतीनशे टनांची, सुमारे दीड कोटी रुपयांची मागणी आली आहे. साथीची मागणी कायम राहत नाही, हे खरं. पण वेल सुकवून, वजन करून थेट कंपनीला देता येते, मधला व्यापारी लागत नाही, हे तरुणांना कळलं. ते ज्ञान वाया जाणार नाही.

राहिला कागदांचा प्रश्न. तो रटाळ वाटतो, पण सगळी दारं त्यावरच अडतात. जातीचा दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, शिधापत्रिका नाही म्हणून अंत्योदयचं महिन्याचं ३५ किलो धान्य नाही, आधार नाही म्हणून खातं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात कातकरी कुटुंबाला पक्क्या घरासाठी दोन लाख रुपये आहेत. मात्र घर बांधायचं कुठे? अनेक वाड्या पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. झोपडीखालची जागा नावावर झाल्याशिवाय दोन लाख कागदावरच राहतात. तालुक्यातल्या तहसीलदाराने दाखल्यांचं शिबिर कापणीच्या दिवसांत, वाडीवर घेतलं तर काम होतं. फेब्रुवारीत, तालुक्याच्या ठिकाणी घेतलं तर कुणी येत नाही.

आणि मुलं. पंडित दांपत्याच्याच विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवरच भोंगा शाळा चालवल्या, ते ठाणे जिल्ह्याचं मोठं काम. त्याहून चांगलं म्हणजे आई-बाप भट्टीवर गेले तरी मूल गावातच राहावं, यासाठीची हंगामी वसतिगृहं. ती दिवाळीच्या सुट्टीत बंद असता कामा नयेत, कारण टेम्पो सुट्टीतच निघतो.

यातली कुठलीच गोष्ट अशक्य नाही आणि फार खर्चाचीही नाही. श्रावणात खावटी, दिवाळीआधी वाडीजवळ रोजगार हमीचं काम, आठवड्याला मजुरी, घराखालच्या आणि कसत्या जमिनीचा कागद, दोन वर्षं सोबत करणारा माणूस. हे सगळं एका वाडीत, एकाच वेळी झालं, तर तिथला मुकादम रिकाम्या हाताने परत जाईल.

मुंबई-ठाण्यातल्या पगारदार वाचकाच्या पावतीवर दर महिन्याला व्यवसाय कराचे २०० रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. हा कर रोजगार हमीसाठी सुरू झाला होता. त्यामुळे आपल्या आमदाराला विचारायचा अधिकार त्या वाचकाला आहे, आणि तो त्याने यंदा दसऱ्यालाच वापरावा: शहापूर आणि मुरबाडच्या कातकरी वाड्यांवर दिवाळीआधी किती कामं सुरू होणार आहेत, आणि त्यांची मजुरी किती दिवसांत हातात पडणार आहे?